शेपटीतला झोत: चुंबकपुच्छातला वेगवान प्रवाह डेटात कसा शोधायचा आणि कसा वाचायचा

२७ फेब्रुवारी २००९. भारतात दुपारचा दीड वाजायला आला होता, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्र होती. त्याच सुमारास पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, अवकाशात लांबवर ताणलेल्या चुंबकीय शेपटीत, नासाच्या थेमिस मोहिमेची याने एका ओळीत असल्यासारखी विखुरलेली होती. चुंबकीय क्षेत्राची एक धारदार भिंत आधी २०.१ पृथ्वी-त्रिज्या अंतरावरच्या यानावरून गेली, मग १६.७ वरच्या आणि शेवटी ११ त्रिज्यांवर जवळजवळ असलेल्या दोन यानांवरून. वेग सेकंदाला साधारण ३०० किलोमीटर. एवढं अंतर कापूनही ती भिंत विस्कटली नव्हती.

या घटनेचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि दोन-तीन संध्याकाळी हाताशी असतील तर तुम्ही तो स्वतः उघडून वाचू शकता. भौतिकशास्त्राच्या बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना मी हेच करायला लावते, कारण पुस्तकातल्या रेखाटनापेक्षा खऱ्या आलेखावर भिंत येताना पाहणं फार वेगळं असतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. घाई करू नका. एकच घटना नीट वाचता आली की पुढच्या शंभर आपोआप सोप्या होतात.

आधी मनात चित्र पक्कं करा

सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणाला दिवसाच्या बाजूने दाबतो आणि रात्रीच्या बाजूला ओढून लांब करतो. ती ओढलेली बाजू म्हणजे चुंबकपुच्छ. उत्तरेकडचा अर्धा भाग आणि दक्षिणेकडचा अर्धा भाग यांना लोब म्हणतात. उत्तर लोबमधल्या क्षेत्ररेषा पृथ्वीकडे येतात, दक्षिण लोबमधल्या पृथ्वीपासून दूर जातात. दोहोंच्या मध्ये गरम प्लाझ्माचा जाड पट्टा असतो, तो प्लाझ्मा शीट. त्याच्याही मधोमध, जिथे क्षेत्राची दिशा उलटते, तिथे विद्युतप्रवाह वाहतो. तो करंट शीट.

प्लाझ्मा शीट म्हटलं की दाट काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तिथे दर घनसेंटिमीटरला एक कणसुद्धा सहसा नसतो, ०.१ ते १ या दरम्यान आकडा असतो. पण आयनांचं तापमान काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट असतं, त्यामुळे एवढ्या विरळ वायूचा दाबही लोबच्या चुंबकीय दाबाला तोलून धरतो.

बहुतेक वेळ हा पट्टा संथ असतो. मधूनच त्यात झोत सुटतो. १९९० च्या आसपास एएमपीटीई/आयआरएम आणि आयएसईई-२ या यानांच्या नोंदींवरून वोल्फगांग बाउमयोहान, वासिलिस अँगेलोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे झोत पद्धतशीर मोजले. १९९२ मध्ये अँगेलोपोलोस यांनी त्यांना ‘बर्स्टी बल्क फ्लो’ हे नाव दिलं, आपण बीबीएफ म्हणू. दहाएक मिनिटांचा वेगवान काळ, त्यात मिनिटभराचे तीव्र झटके, आणि झटक्यात वेग सेकंदाला ४०० कि.मी.च्या वर. तासाच्या हिशेबात चौदा लाख किलोमीटरहून जास्त. हे झोत निरीक्षणाच्या एकूण वेळातला जेमतेम १० ते १५ टक्के वेळ व्यापतात, तरी पृथ्वीकडे येणारं वस्तुमान, ऊर्जा आणि चुंबकीय फ्लक्स यांचा ६० ते १०० टक्के वाटा तेच आणतात. म्हणून त्यांच्या मागे लागायचं.

झोत सुटतो तो चुंबकीय पुनर्जोडणीतून. ताणलेल्या, विरुद्ध दिशेच्या रेषा करंट शीटमध्ये तुटून नव्याने जोडल्या जातात, आणि नव्या, आखडू पाहणाऱ्या रेषा आपल्याबरोबर प्लाझ्मा घेऊन पृथ्वीकडे झेपावतात. गलोलीचा रबर सुटावा तसं. झोताच्या पुढच्या तोंडाशी चुंबकीय क्षेत्राची जी अरुंद भिंत तयार होते ती डायपोलरायझेशन फ्रंट: ताणलेलं क्षेत्र तिथे एकदम उभं राहतं, द्विध्रुवी चुंबकासारखं. आपण तीच शोधणार आहोत.

पायरी १: यानं ओळखा

थेमिसची पाच याने १७ फेब्रुवारी २००७ रोजी एकाच रॉकेटवरून गेली. शोधनिबंधांत त्यांना पी-१ ते पी-५ म्हणतात, पण डेटाच्या फायलींमध्ये अक्षरं असतात आणि ती क्रमाने नाहीत. पी-१ म्हणजे टीएचबी, पी-२ म्हणजे टीएचसी, पी-३ टीएचडी, पी-४ टीएचई आणि पी-५ टीएचए. हे कागदावर लिहून समोर चिकटवा. या एका गोंधळाने वाया गेलेले दिवस मी बऱ्याच जणांचे पाहिले आहेत.

पी-१ ची कक्षा तेव्हा चार दिवसांची होती आणि तिचं दूरचं टोक ३० त्रिज्यांवर जायचं. पी-२ ची दोन दिवसांची, २० त्रिज्यांची. पी-३ आणि पी-४ एका दिवसात फेरी मारायची, सुमारे १२ त्रिज्यांपर्यंत. त्यामुळे दर चार दिवसांनी सगळी शेपटीत एका रेषेत यायची. २००९ च्या मध्यापासून पी-१ आणि पी-२ चंद्राकडे वळवली गेली. म्हणून ओळीने उभ्या यानांची शेपटीतली घटना हवी असेल तर २००८ आणि २००९ चे जानेवारी ते मार्च हे महिने सोन्यासारखे आहेत.

पायरी २: डेटा उतरवा

पायथन येत असेल तर पायस्पीडास हे मोफत पॅकेज टाका, आयडीएल असेल तर स्पीडास. प्रोग्रामिंग अजिबात नको असेल तर नासाच्या सीडीएवेबवर यान, उपकरण आणि वेळ निवडूनही आलेख निघतात. पहिल्या दिवशी मी तेच सुचवते.

वेळ घ्या २७ फेब्रुवारी २००९, जागतिक वेळेनुसार ०७:३० ते ०८:३०. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, पण तुमच्या वहीत आणि आलेखावर जागतिक वेळच राहू द्या.

प्रत्येक यानासाठी उतरवायचं ते असं: एफजीएम या मॅग्नेटोमीटरचं चुंबकीय क्षेत्र, ईएसए या कमी ऊर्जेच्या कणमापीचा आयनांचा वेग, घनता आणि तापमान, एसएसटी या जास्त ऊर्जेच्या कणमापीचे आयन, आणि यानाची जागा. सगळं जीएसएम निर्देशांक पद्धतीत मागा. तिच्यात एक्स अक्ष सूर्याकडे असतो, म्हणजे शेपटीत एक्स ऋण. झेड साधारण उत्तरेला. पृथ्वीकडे येणाऱ्या झोतात वेगाचा एक्स घटक धन असणार.

इथे दोन जागी पाय घसरतो, म्हणून जरा थांबू.

पहिली जागा चुंबकीय क्षेत्राच्या नमुन्याची. थेमिसचं यान स्वतःभोवती तीन सेकंदांत एक फेरी घेतं आणि एफजीएमचा सर्वांत सोयीचा डेटा दर फेरीला एक नोंद देतो. आता आपली भिंत किती जाड आहे? ती आयनांच्या जडत्व-लांबीएवढी, म्हणजे पाचेकशे किलोमीटर धरा. वेग ३०० कि.मी. सेकंद. ती यानावरून जायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. तीन सेकंदांच्या नोंदीत ती सगळी भिंत दोन बिंदूंच्या मध्ये हरवते. आलेखावर नुसती एक तिरकी रेघ दिसते आणि आपण तिच्यावरून जाडी काढायला बसतो. सेकंदाला चार नोंदी देणारी एफजीएल मालिका घ्या. ज्या वेळी सेकंदाला १२८ नोंदींची एफजीएच उपलब्ध असेल तेव्हा तीच घ्या.

दुसरी जागा वेगाची. ईएसएच्या फायलीत आयनांचं ‘पूर्ण’ वितरण आणि ‘रिड्यूस्ड’ (कमी तपशिलाचं) वितरण अशा दोन मालिका असतात. नावावरून माणूस पूर्ण वितरणच उचलतो. पण फास्ट सर्व्हेमध्ये, म्हणजे यान दाट नोंदी घेत असतं त्या काळात, पूर्ण वितरणाची नोंद ३२ फेऱ्यांतून एकदा, म्हणजे दीड मिनिटाहून जास्त अंतराने येते. मिनिटभराचा झटका दोन नोंदींच्या मधून निसटून जातो. रिड्यूस्ड मालिका फास्ट सर्व्हेत दर फेरीला नोंद देते, झोतासाठी तीच हवी. यान स्लो सर्व्हेत असेल तर तो काळ सरळ सोडून द्या.

पायरी ३: यान आहे कुठे?

वेगाकडे बघण्याआधी यान प्लाझ्मा शीटमध्ये आहे की लोबमध्ये हे ठरवा. त्यासाठी बीटा काढायचा: प्लाझ्माचा दाब भागिले चुंबकीय दाब. आकडे हाताने काढता येतील इतके सोपे आहेत. प्लाझ्माचा दाब नॅनोपास्कलमध्ये हवा तर घनता (दर घनसेंटिमीटर) गुणिले तापमान (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) गुणिले ०.१६. चुंबकीय दाब हवा तर क्षेत्राचा (नॅनोटेस्ला) वर्ग भागिले २५१३.

समजा क्षेत्राचे एक्स, वाय, झेड घटक, म्हणजे बीएक्स १२, बीवाय ४, बीझेड ३ नॅनोटेस्ला आहेत, घनता ०.४ आणि आयनांचं तापमान ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. प्लाझ्माचा दाब ०.२५६. क्षेत्राचा वर्ग १६९, चुंबकीय दाब ०.०६७. बीटा जवळजवळ ३.८. यान पट्ट्याच्या आतल्या भागात आहे. अँगेलोपोलोस यांनी बीबीएफसाठी बीटा ०.५ च्या वर ही अट ठेवली होती, सुरुवातीला तीच वापरा. बीटा शंभराव्या भागात घसरला असेल तर तुम्ही लोबमध्ये आहात, तिथे या शोधात वेळ घालवू नका.

एक डोळ्यांनी करायची तपासणी: बीएक्स शून्याच्या जवळ असेल तर यान करंट शीटच्या मध्याजवळ. मोठा धन असेल तर उत्तरेला, मोठा ऋण असेल तर दक्षिणेला.

पायरी ४: वेगाचा उंच काटा दिसला, आता त्याची झडती घ्या

नवख्याची सर्वांत मोठी चूक इथे होते. वेगाच्या आलेखात ६०० चा काटा दिसतो आणि वहीत ‘बीबीएफ’ लिहून माणूस पुढे जातो. प्लाझ्मा शीटच्या कडेला क्षेत्ररेषेच्या दिशेने धावणारे आयनांचे पुंजके असतात. त्यांचा वेग खूप असतो, पण ते चुंबकीय क्षेत्राला बरोबर घेऊन येत नाहीत. रेषेवरून मणी घरंगळावेत तसे जातात.

एक उदाहरण करून बघा. क्षेत्र (२५, ३, २) नॅनोटेस्ला, वेग (६००, ७०, ४५) कि.मी./सेकंद. वेग आणि क्षेत्र यांचा बिंदू-गुणाकार १५,३००. क्षेत्राचा वर्ग ६३८. भागाकार साधारण २४. त्याने क्षेत्राला गुणलं की रेषेच्या दिशेचा वेग मिळतो: (५९९.५, ७२, ४८). मूळ वेगातून तो वजा केला की रेषेला लंब वेग उरतो, तो सेकंदाला जेमतेम चार किलोमीटर. सहाशेचा काटा होता आणि फ्लक्सची वाहतूक जवळपास शून्य.

म्हणून दर वेळी लंब वेग काढा, आणि त्याचा एक्स घटक पाहा. त्याहून चांगली कसोटी म्हणजे विद्युतक्षेत्र: लंब वेग गुणिले बीझेड, भागिले हजार, उत्तर मिलिव्होल्ट प्रतिमीटर. ४५० कि.मी. वेग आणि १४ नॅनोटेस्ला असेल तर ६.३. वेग आणि बीझेडच्या गुणाकारातून आलेलं हे मूल्य २ च्या वर गेलं की फ्लक्सची वेगवान वाहतूक चालू आहे असं समजायची पद्धत आहे, आणि मला ती नुसत्या वेगाच्या मर्यादेपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आणखी एक गोष्ट. ईएसए साधारण २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचेच आयन मोजतो. झोतातला प्लाझ्मा तापलेला असतो, त्यातले बरेच आयन या मर्यादेच्या पलीकडे जातात. नुसता ईएसए घेतला तर वेग, घनता आणि तापमान तिन्ही कमी निघतात. एसएसटीची जोड दिलेले एकत्रित आकडे वापरा. विद्यार्थिदशेत मी पहिल्या अहवालात ही जोड दिली नव्हती. दाबाचा तोल काही केल्या जमेना, आणि मी आठवडाभर सूत्रात चूक शोधत बसले. चूक सूत्रात नव्हतीच, निम्मा दाबच मोजला गेला नव्हता.

यान पृथ्वीच्या सावलीत असेल तोही काळ तपासा. सूर्य दिसेनासा झाला की फेरीचा कोन चुकायला लागतो, आणि वेगाची दिशा आलेखावर गोल गोल फिरताना दिसते. शेपटीत असणाऱ्या यानांना सावली लागू शकते. तो डेटा दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नये.

पायरी ५: भिंत

आता बीझेडचा आलेख मोठा करा, पाच मिनिटांची खिडकी पुरे. खरी डायपोलरायझेशन फ्रंट एका ठरावीक क्रमाने बोलते, आणि तो क्रमच तिची ओळख आहे.

आधी, भिंत पोहोचण्याच्या मिनिटभर आधीपासून, वेग हळूहळू वाढू लागतो. येणाऱ्या भिंतीवर आपटून पुढे फेकले गेलेले आयन यानापाशी आधी पोहोचतात. मग बीझेड क्षणभर खाली वळतो, कधी शून्याखालीही जातो. आणि लगेच उडी. एक-दोन सेकंदांत बीझेड कित्येक नॅनोटेस्लांनी वर. त्या उडीबरोबरच घनता कोसळते, तापमान चढतं. वेगाचं शिखर बहुधा उडीच्या नंतर येतं, आधी नाही. २७ फेब्रुवारीच्या आलेखात पी-१ वर हे सगळं एकाखाली एक लावून बघा, उभी रेघ मारा आणि प्रत्येक पट्टीत तिच्या डावीकडे-उजवीकडे काय बदललं ते लिहा. हातानं लिहा. डोळा तिथेच तयार होतो.

उडी मोजायला चढाचा कोन वापरा: बीझेड भागिले बीएक्स-बीवायच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, आणि त्याचा व्यस्त टॅन्जंट. मघाच्या आकड्यांत (१२, ४, ३) तो १३ अंश येतो. भिंतीनंतर क्षेत्र (६, ४, १४) झालं तर ६३ अंश. आडवी रेषा उभी राहिली. बरेच अभ्यासक बीझेडची वाढ ४ नॅनोटेस्लाहून जास्त आणि कोन ४५ अंशांच्या वर अशी अट घालतात.

दाबाची बेरीज तपासायला विसरू नका. भिंतीनंतर घनता ०.२ आणि तापमान ६ धरा. प्लाझ्माचा दाब ०.१९, चुंबकीय दाब ०.१०, बेरीज ०.२९. आधी ती ०.३२ होती. म्हणजे एकूण दाब जवळपास तोच, फक्त त्यातला प्लाझ्माचा वाटा कमी होऊन चुंबकीय वाटा वाढला. झोत म्हणजे आजूबाजूपेक्षा विरळ प्लाझ्मा भरलेली फ्लक्स-नळी असते, आणि पाण्यातला बुडबुडा वर यावा तशी ती पृथ्वीकडे सरकते. पाँटियस आणि वुल्फ यांनी १९९० मध्ये मांडलेली ही बुडबुड्याची कल्पना तुमच्या स्वतःच्या बेरजेत दिसते, तेव्हाचा आनंद सांगून समजणारा नाही.

घनता कोसळण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं. करंट शीट वरखाली फडफडते. ती फडफडली आणि यान लोबकडे सरकलं तरी घनता घटते. फरक बीएक्समध्ये दिसतो: लोबकडे जाताना बीएक्सचं मूल्य वाढतं आणि कोन लहान होतो, भिंतीनंतर कोन मोठा होतो. शंका आली की बीएक्सची पट्टी आधी बघायची.

पायरी ६: भिंतीची दिशा आणि वेग

एका यानावरून दिशा काढायची तर किमान विचलन पद्धत वापरा. उडीच्या आसपासच्या नोंदी घ्यायच्या, क्षेत्र कोणत्या दिशेने सर्वांत कमी बदलतं ते शोधायचं, ती भिंतीची लंब दिशा. तिन्ही दिशांतल्या बदलांची मापं म्हणजे आयगन-मूल्यं; त्यांतलं मधलं आणि सर्वांत लहान यांचं गुणोत्तर पाचाहून कमी आलं तर त्या उत्तरावर मी भरवसा ठेवत नाही. खिडकी थोडी लहान-मोठी करून पाहा. दिशा दर वेळी उडत असेल तर ती कुठेही लिहू नका.

अनेक यानांवरून वेग काढायचा तर वेळा घ्या. २०.१ ते ११ म्हणजे ९.१ त्रिज्या, ५८ हजार किलोमीटर. ३०० कि.मी. वेगाने त्याला ३ मिनिटं १३ सेकंद लागतात. तुमच्या आलेखात पी-१ आणि पी-३ वरच्या उड्यांमधलं अंतर याच्या आसपास आलं की तुम्ही तीच भिंत पकडली. प्रत्येक टप्प्याचा वेग वेगळा काढून बघा.

इथे एक मर्यादा लक्षात असू द्या. झोत शेपटीच्या रुंदीत दोन-तीन त्रिज्यांएवढाच असतो. दोन याने वाय दिशेत त्याहून लांब असतील तर दोघांनी पाहिलेली भिंत एकच असेल असं गृहीत धरू नये. चार याने चिकटून उडणारी एमएमएस ही २०१५ ची मोहीम याच बाबतीत उजवी ठरते: तिच्यावरून भिंतीतला विद्युतप्रवाह थेट काढता येतो. पण वीस त्रिज्यांपासून अकरापर्यंतचा प्रवास ती दाखवू शकत नाही. तो थेमिसच दाखवते.

पायरी ७: झोत कुठे थांबला

आतल्या यानांवरचा आलेख बाहेरच्यापेक्षा वेगळा दिसेल. वीस त्रिज्यांवर बीझेड उडी मारून थोड्या वेळात परत उतरतो. भिंत यानावरून निघून गेलेली असते. दहा-अकरा त्रिज्यांवर पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र बळकट होत जातं, झोताला ब्रेक लागतो, मागून येणारा फ्लक्स साचत जातो. तिथे बीझेड चढल्यावर वरच राहू शकतो, मिनिटांमागून मिनिटं. वरची ती जात्या भिंतीची खूण आणि ही साचलेल्या फ्लक्सची. दोघांना एकाच नावाखाली मोजलं तर तुमची आकडेवारी कायमची गढूळ होते.

ब्रेक लागल्यावर झोत कधी कधी उलटतो. वेग ऋण होतो, प्लाझ्मा शेपटीकडे मागे फेकला जातो, पुन्हा पुढे येतो. हे पाहून काही जण ‘पुनर्जोडणी आत सरकली’ असा निष्कर्ष काढतात. बीझेडची खूण बघा. पुनर्जोडणीच्या जागेपलीकडे, शेपटीच्या बाजूला असाल तर वेग ऋण आणि बीझेडही ऋण. उसळीत वेग ऋण पण बीझेड धनच राहतो.

पायरी ८: वर सूर्याकडे, खाली जमिनीकडे

सौरवाऱ्याचा बीझेड घटनेआधीच्या तासाभरात दक्षिणेकडे होता का, ते ओम्नी या नासाच्या एकत्रित सौरवारा-डेटात पाहा. ओम्नी आधीच पृथ्वीजवळच्या वेळेवर सरकवलेला असतो, त्यात पुन्हा तासभर मिळवू नका. २०२४ नंतरच्या घटनांसाठी आपलं आदित्य-एल१ आहे. ते ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-१ बिंदूभोवती आहे, त्याच्या मॅग्नेटोमीटरचा आणि सौरवारा मोजणाऱ्या उपकरणांचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो. तो मात्र जागेवरचा असतो: पंधरा लाख किलोमीटर, ४०० कि.मी. वेगाने सुमारे ६२ मिनिटं, हे तुम्हालाच मिळवावं लागतं.

जमिनीवर दोन खुणा शोधायच्या. पहिली ध्रुवीय प्रदेशातली: तिथली चुंबकीय खळबळ मोजणारा एई निर्देशांक आणि थेमिसच्याच कॅनडा-अलास्कातल्या कॅमेऱ्यांतला ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. झोताचं पाऊल तिथे उत्तर-दक्षिण उतरणाऱ्या प्रकाशपट्ट्यासारखं दिसतं. २६ फेब्रुवारी २००८ च्या घटनेत याच मांडणीने दाखवलं की २० त्रिज्यांवरची पुनर्जोडणी ऑरोरा भडकण्याच्या निदान दीड मिनिट आधी सुरू झाली होती. वर्षानुवर्षांचा वाद होता, आधी काय घडतं याचा. पहिली घटना जमली की ही दुसरी घ्या.

दुसरी खूण आपल्या अंगणात मिळते. शेपटीत झोत आदळला की ४० ते १५० सेकंद आवर्तकाळाची चुंबकीय थरथर, पीआय-२, रात्रीच्या बाजूला अगदी कमी अक्षांशांपर्यंत उमटते. अलिबागची वेधशाळा १९०४ पासून क्षेत्र मोजते आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेची सूक्ष्म मापं बिघडणार, म्हणून ती तिथे नेली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकत्र मापं घेऊन मालिका जोडून ठेवली. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. २७ फेब्रुवारी २००९ ची घटना इथे उपयोगी नाही, तेव्हा अलिबागला ऊन होतं. तुमच्या यादीतून अशा घटना वेगळ्या काढा ज्या जागतिक वेळेनुसार १६ ते २२ च्या दरम्यान घडल्या. अलिबागची स्थानिक मध्यरात्र १९:०८ ला येते. सेकंदा-सेकंदाचा डेटा मागवा, मिनिटाच्या सरासरीत चाळीस सेकंदांची लाट पुसली जाते. मग ४० ते १५० सेकंदांचा पट्टा गाळून उत्तर-दक्षिण घटक काढा आणि तो पी-३ च्या बीझेडखाली त्याच वेळेच्या अक्षावर ठेवा.

प्रत्येक घटनेसाठी वहीत एक ओळ: तारीख, भिंतीची वेळ सेकंदांसह, यान, एक्स-वाय-झेड जागा, आधीचा बीटा, बीझेडची उडी, कोन आधी आणि नंतर, घनता आधी आणि नंतर, लंब वेगाचं शिखर, विद्युतक्षेत्र, कोणती मालिका वापरली. शेवटचा रकाना शंकांसाठी मोकळा ठेवा, आणि तो रिकामा राहिला तर आलेख पुन्हा एकदा उघडा.